न थिजणारं तूप

मोहखेडच्या मारुतीसमोर त्या सकाळी अग्नी आपोआप पेटला, आणि अख्ख्या गावाच्या तोंडून एकदमच ‘आऽऽ’ निघालं.

काडी नाही, कापूर नाही. गावात मुक्कामाला आलेल्या अग्निनाथ महाराजांनी कुंडात समिधा रचल्या, मधोमध कापसाचा पुंजका ठेवला, पळीने त्यावर तूप सोडलं आणि डोळे मिटून मंत्र सुरू केला. जानेवारीचा गारठा होता. कापूस वेचणीला निघालेल्या बायाही डोक्याला फडकी बांधून थांबल्या होत्या. मंत्र लांबला. महाराजांनी एक डोळा किंचित उघडून कुंडाकडे पाहिलं, तो पुन्हा मिटला आणि आणखी दोन-चार देवांना बोलावलं. मग धूर निघाला आणि भप्पकन ज्वाळा उठली.

“हा पाच हजार वर्षांपूर्वीचा वैदिक अग्नी आहे!” महाराज माइकमध्ये गरजले. “अमेरिकेतले शास्त्रज्ञ रात्रंदिवस प्रयत्न करतात, पण त्यांना पेटत नाही. का पेटत नाही? कारण ते बूट घालून बसतात!”

लोकांनी आपापल्या अनवाणी पायांकडे अभिमानानं पाहिलं. मीही पाहिलं. माझा अंगठा गारठून निळा पडला होता.

इथवर ही गंमतच होती. पण विठ्ठलराव उठले, आणि गंमत संपली.

विठ्ठलराव गावातले मातब्बर शेतकरी. त्यांची नात खुशी आठ वर्षांची. तिला फिट यायच्या. यवतमाळच्या डॉक्टरांच्या गोळ्या सुरू झाल्यापासून दोन वर्षं एकही झटका नव्हता. डॉक्टरांनी बजावलं होतं, की गोळ्या मनानं बंद करायच्या नाहीत. मग येणारा झटका थांबता थांबणार नाही, जीवावर बेतेल. पण आजोबांचा जीव वेगळ्याच काळजीत अडकलेला.

“महाराज, पोट्टी जन्मभर गोयाच खाईन काय?”

महाराजांनी खुशीच्या डोक्यावर हात ठेवला. “आज संध्याकाळपासून औषध बंद. उद्या सकाळी गोळ्यांची डबी अग्नीला अर्पण करू. अग्नी स्वतःहून पेटला, तर समजा देवानं आजार घेतला.”

खुशीची आई निकिता पुढे होऊन सासऱ्यांना म्हणाली, “बाबाजी, डॉक्टर नाई म्हनते…”

“तू चूप राह्य वो सूनबाई,” विठ्ठलराव म्हणाले. निकितानं नवऱ्याकडे पाहिलं. कपिल बाजूला काढून ठेवलेल्या आपल्या चपला मोजत होता. दोनच होत्या, पण त्याला बराच वेळ लागला.

मी घरी येऊन देवपुजारी मास्तरांना फोन केला. मास्तरांनी इथल्या हायस्कुलात आयुष्यभर विज्ञान शिकवलं, आता घाटंजीला असतात. वडील वेदपाठी, त्यामुळे होमाचे सगळे विधी घरातच पाठ झालेले. मी काय पाहिलं ते सांगितलं. ते एवढंच म्हणाले, “पहिल्या एसटीनं येतो.”

दुसऱ्या दिवशी मास्तर मफलर गुंडाळून उतरले, तेव्हा कुंड रचून तयार होतं. गोळ्यांची डबी महाराजांच्या मांडीजवळ होती. कपिल आणि निकिता यजमान म्हणून पाटावर बसले होते. खुशी आईच्या कुशीत. तिच्या डाव्या हाताचा अंगठा मधूनच उडत होता. निकितानं तो आपल्या मुठीत घट्ट धरला होता. फिट यायच्या आधी तो असाच उडायचा, हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. विठ्ठलराव तिकडे पाहत नव्हते.

मफलर सोडताना गळ्याशी दिसलेलं मास्तरांचं जानवं पाहून महाराज खूश झाले. “या शास्त्रीजी! आपण साक्षीला बसा.”

“बसतो की,” मास्तर म्हणाले. “पण आज्याचा संस्कार राहिला.”

“कसला?”

“आज्य म्हणजे होमाचं तूप. आहुतीआधी यजमानाच्या बायकोनं त्यात पाहायचं असतं. फार जुना विधी आहे. तिनं पाह्यल्याशिवाय आहुती नाही. महाराजांना तर पाठच असेल.”

चारचौघांत ‘नाही’ कसं म्हणणार? “अर्थात, अर्थात,” म्हणत महाराजांनी तुपाची वाटी पुढे केली. निकितानं खुशीला कपिलच्या मांडीवर दिलं आणि वाटीत वाकून पाहिलं. मग वाटी जराशी कलती केली.

“मास्तर, हे तूप थिजलं नाई.”

लोक वाटी पाहायला पुढे सरकले.

“आमच्या घरचं तूप सकायपासून दगड झालं हाये. चमचा उभा राह्यते त्यात. हे त पाकासारखं वाहून राह्यलं. अन् वास बी नाई.”

“हे सिद्ध तूप आहे!” महाराज म्हणाले. “मंत्रानं थिजत नाही!”

गर्दीतून एक बाई म्हणाली, “मंग तो मंत्र मले बी शिकवा बाप्पा, रोज चुलीवर डबा ठेवा लागते!” लोक हसले.

विठ्ठलराव हसले नाहीत. “मास्तर, तुमी इघ्न आनू नका. तूप काईबी असो. अग्नी त देवानंच पेटवला. मी डोयानं पाह्यला.”

“मंत्राशिवाय मी पेटवला तर?”

“पेटवा! पन नाई पेटला, त आत्ताच्या आत्ता डबी कुंडात. मंग कोनाचं आयकनार नाई.”

निकितानं मास्तरांकडे पाहिलं. खुशीचा अख्खा पंजा आता थरथरत होता.

मास्तरांनी कुंडातला पुंजका चिमट्यानं उचलून एका विटेवर ठेवला आणि उलगडला. आत काळे-जांभळे खडे होते. एक कण त्यांनी लोटीतल्या पाण्यात टाकला. पाणी जांभळं झालं.

“हे त विहिरीत टाकाचं लाल औषध!” कोणीतरी ओरडलं.

“हो. पोटॅशियम परमँगनेट.” मास्तरांनी वाटीतलं ‘तूप’ उरलेल्या खड्यांवर ओतलं आणि मागे सरकले. “आता मंत्राऐवजी हजेरी घेतो. बंटी चौधरी!”

“हजर सर!” मागून एक टक्कल पडलेला माणूस दचकून उभा राहिला.

“जमनी मेश्राम!”

“हजर सर!”

विटेवर काहीच झालं नाही. महाराजांच्या ओठांवर हसू आलं. विठ्ठलरावांनी डबी उचलली.

“जमीर शेख!”

“हजर सर. आता पांढरकवड्याले गॅरेज हाये.”

काहीच नाही. “मंत्राशिवाय देव येत नसतो,” महाराज पुटपुटले. विठ्ठलराव डबीचं झाकण उघडू लागले.

“कपिल विठ्ठलराव!” मास्तरांनी पाटाकडे पाहत हाक मारली.

कपिलनं लेकीच्या थरथरत्या हाताकडे पाहिलं. मग तिला उचलून उभा राहिला आणि बापाच्या हातातली डबी काढून घेतली.

“हजर सर. अन् बाबा, पेटो का नोको पेटो, गोयी मी देनार.”

तेवढ्यात विटेवर धुराची बारीक रेघ निघाली. फस्स झालं आणि जांभळट ज्वाळा वीतभर उडाली. या खेपेला ‘आऽऽ’ कोणी केलं नाही. सगळे महाराजांकडे पाहत होते.

“वाटीत ग्लिसरीन आहे,” मास्तर म्हणाले. “औषधाच्या दुकानात मिळतं. या खड्यांवर पडलं की आपोआप पेट घेतं. थंडीत उशीर लागतो. काल मंत्र लांबला तो त्याच्यामुळे.”

महाराज कलियुगाबद्दल काही बोलले, पण तोवर कोणीतरी माइकची वायर काढली होती.

कपिलनं खुशीला गोळी दिली. एका गोळीनं लगेच काही होत नसतं, म्हणून मास्तरांनी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला आणि यवतमाळला जायला जमीरनं गाडी काढली. विठ्ठलराव गाडीच्या दाराशी आले.

“मास्तर, मंग जुन्या काळी खरा अग्नी कसा पेटवत?”

“लाकडावर लाकूड घासून. दोरीनं घुसळायचं, घामाघूम व्हायचं. कधी तासभर पेटायचाच नाही.”

“मंग काय करत?”

“लाकूड ओलं आहे का, ते पाहत. पोरीचं औषध नव्हते फेकत.”

विठ्ठलराव मागच्या सीटवर बसले आणि नातीचे पाय मांडीवर घेतले.

वाचकहो, लाकूड घासलं की ऊब येते, हे ज्यानं पहिल्यांदा ओळखलं तो माणूस डोळे उघडे ठेवून बसला होता. त्याचं नाव सांगून कोणी तुम्हाला डोळे मिटायला लावलं, तर मिटू नका. वाटीत वाकून पाहा. विचारा. आणि लेकराचं औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका, मग तो कितीही अनवाणी असो.