ध्वनी : मुखरू मारबते

"तीन मिनिटं. त्यावर एक सेकंदही मिळणार नाही," गार्गीमॅडम म्हणाल्या. "शर्यत संपली की रिना या वाटेने बाहेर येईल. प्रणित, कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर. मुखरूभाऊ, माईक वरून. मला तिचा श्वाससुद्धा ऐकू यायला हवा."

"हाव मॅडम," मुखरू म्हणाला. खांद्यावरची माईकची लांब काठी त्याने उतरवली, छातीवरच्या पट्ट्यात अडकवलेली रेकॉर्डरची पेटी सारखी केली आणि कानावर हेडफोन चढवले. सकाळपासून हे सामान अंगावर घेऊन तो उभाच होता. बसायला खुर्च्या होत्या, पण त्या वार्ताहरांच्या.

पोलंडमधल्या त्या शहराचं नाव आठ दिवसांत एकदाही त्याच्या तोंडात नीट बसलं नव्हतं. चाळीसेक देशांतली शाळकरी पोरं तिथे स्पर्धेला आली होती. भामरागडकडच्या एका आश्रमशाळेतली रिना पुंगाटी पंधराशे मीटर धावणार होती आणि तिच्यावर फिल्म बनवायला पुण्याच्या एका कंपनीची तीन माणसं मागे लागली होती. दिग्दर्शिका गार्गीमॅडम, कॅमेऱ्यावर नागपूरचा प्रणित आणि आवाजाला आरमोरीचा मुखरू मारबते, वय त्रेपन्न, याआधीचा सगळ्यात लांबचा प्रवास नागपूर.

खरं तर मुखरूची ही जागाच नव्हती. कंपनीचा नेहमीचा साउंडवाला मुंबईचा. ऐन वेळी त्याचा व्हिसा अडकला. गडचिरोलीत तीन महिने शूटिंग चाललं तेव्हा माईकची काठी धरायला मुखरू होता, त्याचा पासपोर्टही काढून ठेवलेला होता, म्हणून मॅडमनी त्यालाच नेलं. निघताना त्या स्पष्ट बोलल्या होत्या, "हे काम नीट झालं तर दिवाळीपासून तुम्ही कंपनीत कायम. फिल्मवर नावसुद्धा तुमचंच जाईल."

मुखरू तीस वर्षं पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत माईकवाला होता. दिवाळी झाली की वडशाहून नाटकाचा टेम्पो निघणार, पेटाऱ्यांवर बसून रोज नवं गाव, रोज नवा मांडव. गुडघ्यांनी दोन वर्षांपूर्वीच राजीनामा दिला होता, फक्त मालकाने तो मंजूर केला नव्हता. बायको रुखमा विमानतळावर जायच्या आदल्या दिवशी म्हणाली, "या सालापासून टेम्पोत नोका बसू, बस. मले बाकी काई नाई पायजे." तेवढं एक वाक्य तो पोलंडपर्यंत सोबत घेऊन आला होता.

शर्यत सुरू झाली. रिना पहिल्या फेरीत सगळ्यांच्या पुढे होती. गावाकडच्या पोरी अशाच धावतात, आधी पुढे जायचं, मग काय ते बघू. दुसऱ्या फेरीत उंच उंच पोरींनी तिला एकेक करून मागे टाकलं. चौदा जणींत ती बारावी आली. पण तिचे सर कुंपणापलीकडून घड्याळ हातात नाचवत ओरडत होते. तिच्या आजवरच्या वेळेपेक्षा ती पूर्ण चार सेकंद आधी पोचली होती.

ती वाटेने आली ती धापा टाकत आणि चक्क हसत. मुखरूने माईक तिच्या डोक्यावर नेला. कानात तिचा श्वास भरला. त्याला फार बरं वाटलं.

"सर म्हनले का माझा आतापरेंतचा..." रिनाने सुरुवात केली.

"रिना, ते नंतर," गार्गीमॅडम कॅमेऱ्यामागून हळूच म्हणाल्या. "आपण ठरवलं होतं ना, ते वाक्य. माझ्या गावात सगळीकडे भीती होती..."

हे वाक्य मॅडमनीच लिहिलं होतं. 'माझ्या गावात सगळीकडे भीती होती. त्या भीतीपासून पळता पळता मी धावायला शिकले.' वाहिनीवाल्यांना फिल्मच्या सुरुवातीला असंच काहीतरी हवं होतं. गावात शूटिंग चाललं तेव्हा रिनाला विचारलं होतं, तू का धावतेस? तेव्हा ती म्हणाली होती, "नाल्यापासून शाळेपरेंत धावलो का लगित हलकं वाटते. म्हणून धावतो." मुखरूला ते फार आवडलं होतं. मॅडम म्हणाल्या होत्या, "छान आहे, पण यातून फिल्म उभी राहत नाही."

आता रिनाचं हसू चेहऱ्यावरच राहिलं, त्याचं काय करायचं ते तिला कळेना. मॅडमनी पुन्हा वाक्य सांगितलं. मग तिसऱ्यांदा. आणि तिथेच घोटाळा झाला.

झाडीपट्टीत नाटकं जास्त आणि तालमी कमी. नटाला संवाद आठवेना की विंगेत बसलेला प्रॉम्प्टर तो पुटपुटतो. माईकवाला गाफील असला, तर प्रॉम्प्टरचं पुटपुटणं आधी सगळ्या मांडवाला ऐकू जातं, मग नट तेच म्हणतो आणि लोक हसून हसून नाटकाचं मातेरं करतात. म्हणून चांगला माईकवाला एक गोष्ट आधी शिकतो. प्रॉम्प्टर बोलला की आवाजाचा नॉब खाली, नटाने वाक्य उचललं की वर. मुखरूच्या हाताने हे इतक्या वर्षांत इतक्या वेळा केलं होतं की त्यासाठी मुखरूची गरजच उरली नव्हती.

मॅडम बोलल्या, नॉब खाली गेला. रिनाने वाक्य उचललं खरं, पण ते मॅडमच्याच चालीत, मॅडमच्याच पुटपुटत्या आवाजात, डोळे जमिनीला लावून. नट बोलू लागला असं हाताला वाटलंच नाही. हात खालीच राहिला. मुखरूच्या कानात काही येत नव्हतं आणि तो रिनाचे ओठ हलताना बघत होता. नंतर कितीदा विचार केला तरी त्याला ठरवता आलं नाही की हाताची चूक होती की त्याची स्वतःची.

तीन मिनिटं संपली. गणवेशातल्या बाईने त्यांना बाहेर काढलं.

हॉटेलवर संध्याकाळी सहाला मॅडमनी लॅपटॉप उघडला. तिथला सूर्य नऊ वाजेपर्यंत जायचं नाव घेत नसे, त्यामुळे दिवस संपल्याचंही सुख नव्हतं. जेवणाच्या हॉलमध्ये एका टेबलावर हे तिघे आणि पाठीमागच्या टेबलावर रिना आणि भारतातून आलेल्या बाकीच्या पोरी. पडद्यावर रिना बोलत होती आणि आवाज नव्हता. कॅमेऱ्याच्या स्वतःच्या छोट्या माईकवर जे आलं होतं त्यात मैदानाचा गोंगाट होता, आणि गोंगाटावर स्वच्छ ऐकू येत होत्या त्या फक्त मॅडम. माझ्या गावात सगळीकडे भीती होती. तीनदा.

प्रणितला हसू आलं. मॅडमनी बघितल्यावर त्याने ते ब्रेडच्या तुकड्याबरोबर गिळलं.

"मुखरूभाऊ, हे काय आहे?"

"चुकलं मॅडम. नाटकातली सवय. तुमी सांगून राह्यल्या होत्या तं हात आपोआप खाली गेला."

"आणि परत वर का नाही आला?"

मुखरू टेबलावरच्या मीठदाणीकडे बघत राहिला.

मॅडम ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्याही थकल्या होत्या. त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मला रोज पुण्याहून फोन येतात. तुम्हाला आणलं म्हणून मी आधीच ऐकून घेतलंय. उद्या सकाळी बागेत हे पुन्हा घेऊ. उद्या जर आवाज नसेल, तर दिवाळीचं मी काहीच करू शकणार नाही. तुम्ही तुमच्या नाटकाच्या टेम्पोत परत जाल. मला वाईट वाटेल, पण जाल."

पाठीमागच्या टेबलावर बोलणं थांबलं होतं. मुखरूच्या ते लक्षात आलं नाही.

जेवण झाल्यावर तो पायऱ्यांवर बसून गुडघ्याला तेल चोळत होता. रिना येऊन शेजारी बसली.

"भाऊ, हा पिच्चर आमच्या गावात लावतील न?"

"लावतील ना. शाळेत पडदा बांधून लावतील."

"मंग माझी आई आयकंल." तिने थोडा वेळ पायातल्या बुटाची नाडी ओढली. "आमच्या गावात कायचं भेव आहे भाऊ? जंगल तं आमचंच आहे. मी असं बोललो तं आई म्हणंल, काऊन वं, मी तुले भेवाडलं का?"

"तं नोको बोलू."

"मंग तुमचं?"

मुखरूने तेलाच्या बाटलीचं झाकण लावलं. ते एकदा लावून झालं होतं, तरी पुन्हा लावलं. "माझं काय? मी म्हातारा माणूस. तू तुयं खरं बोल, मी आवाज घेतो." हे म्हणताना त्याला रुखमा आठवली आणि आपण किती खरं बोलतोय याची त्याला शंका आली. "इथी भात काऊन देत नाई भाऊ?" एवढं विचारून रिना आत गेली.

सकाळी रुखमाचा फोन आला. काम कसं चाललंय, तिने विचारलं. चांगलं चाललंय, तो म्हणाला. "आवाज खोल गेल्यासारखा वाटून राह्यला तुमचा," ती म्हणाली. इथली हवा थंड आहे, असं सांगून त्याने फोन ठेवला.

बागेत एका झाडाखाली रिनाला उभं केलं. अंगावर भारताचा निळा ट्रॅकसूट, केस घट्ट विंचरलेले. मुखरूने माईक वर धरला. रात्री पडल्या पडल्या त्याने ठरवून टाकलं होतं. ती तिचं खरं बोलेल, मॅडम चिडतील, आणि आपण म्हणू, मॅडम, हेच ठेवा, हेच चांगलं आहे. त्याने ही वाक्यंही पाठ केली होती. आयुष्यभर दुसऱ्यांचे संवाद ऐकले, एकदा आपला बोलून बघावा असं त्याला वाटत होतं. भीतीही वाटत होती.

"रिना, मी काही सांगत नाही आता," मॅडम म्हणाल्या. काल रात्री त्यांच्याही मनाला काहीतरी लागलं असावं. "तुला जे वाटतं ते बोल. तू का धावतेस?"

रिनाने मान वर केली. तिने कॅमेऱ्याकडे बघितलं नाही, मॅडमकडे बघितलं नाही. तिने मुखरूकडे बघितलं.

"माझ्या गावात सगळीकडे भीती होती," ती म्हणाली. स्वच्छ, शाळेतल्या पुस्तकासारख्या मराठीत. एकही शब्द अडला नाही. "त्या भीतीपासून पळता पळता मी धावायला शिकले." मग तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. वाक्य तिने रात्रभर पाठ केलं असावं, हे पाणी मात्र तिचं तिलाच आलं होतं.

कोणी प्रॉम्प्ट करत नव्हतं. हाताला खाली जायला काही कारण नव्हतं. मुखरूच्या कानात तिचा प्रत्येक शब्द, शब्दाआधीचा श्वास, गिळलेला आवंढा, सगळं जसंच्या तसं येत होतं. पेटीवरचा आवाजाचा काटा जिथे हवा तिथे होता. तीस वर्षांत इतका चांगला आवाज त्याने कधी घेतला नव्हता. नॉब अंगठ्याखालीच होता. एकदा खाली फिरवला असता की झालं असतं. पण मग पोरीने जे दिलं होतं ते पायदळी तुडवल्यासारखं झालं असतं. आणि दिवाळीही होती. दोन्हींतलं खरं कारण कोणतं, हे स्वतःला विचारायची हिंमत त्याला झाली नाही. हात जागचा हलला नाही.

"सुंदर," मॅडम हळूच म्हणाल्या. प्रणितने कॅमेरा बंद केला. मॅडम डोळे पुसत मुखरूजवळ आल्या. "आला ना आवाज?"

"आला."

"मी रात्री पुण्याला कळवते. तुमचं पक्कं समजा."

रिनाने तिथूनच विचारलं, "बरोबर आला न भाऊ?"

"आला बाई. एकदम बरोबर आला." त्याची पाठ केलेली दोन वाक्यं तोंडातच राहिली.

सामान आवरायच्या आधी एक काम उरलं होतं. मुलाखत झाली की साउंडवाल्याला त्या जागेचा नुसता आवाज एक मिनिटभर घ्यावा लागतो, पुढे तोडजोड करताना शब्दांच्या मधल्या फटी बुजवायला. त्या मिनिटात कोणी बोलायचं नाही, हलायचंही नाही.

"एक मिनिट," मुखरू म्हणाला. "सगळे गप्प राहा."

सगळे गप्प झाले. प्रणित कॅमेऱ्यावर हात ठेवून, मॅडम वही छातीशी धरून. रिना झाडाखाली होती तिथेच. मुखरू तिच्या समोर काठी उंच धरून उभा राहिला. कानात पानांची सळसळ होती, लांब कुठेतरी बस थांबल्याचा आवाज होता आणि रडून झाल्यावर येतो तसा रिनाचा मधूनच येणारा जड श्वास होता. मुखरूला तिच्याकडे बघवेना, आणि मान वळवायची तर काठी हलली असती. म्हणून तो बघत राहिला. गुडघा ठणकत होता.

साठ सेकंद झाले. "झालं," तो म्हणाला. मॅडम फोन लावत आत निघाल्या, प्रणित तिपाई मिटू लागला. बोल असं तिला कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून रिना अजून तशीच गप्प उभी होती.