फोटोचे कपडे

कपड्यांच्या दुकानात त्यांना सगळे साखरे म्हणत. ते आडनाव नव्हतं, जिभेवरून पडलेलं नाव होतं. रुमाल घ्यायला आलेलं गिऱ्हाईक त्यांच्या हातून कोट घेऊन जायचं. काखेत आवळणाऱ्या कोटाला ते "अंगाबरोबर बसलाय" म्हणत आणि खांद्यावरून ओघळणाऱ्या कोटाला "ऐसपैस". बायको ग्रंथालयात कामाला होती. "मी बोलण्याचा पगार घेतो, ही गप्प बसवण्याचा," असं ते ज्याला त्याला सांगत.

त्याच जिभेच्या कडेला फोड आला. आधी वाटलं, दात लागत असेल. दात काढला. फोड तिथेच राहिला, वाढला, कडक झाला. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी नवराबायकोला समोर बसवून सांगितलं की जिभेचा बराचसा भाग काढावा लागेल.

"बोलता येईल ना?" बायकोने विचारलं.

"आवाज येईल. शब्द कळतील, असं मी सांगत नाही."

"बघ," साखरे बायकोकडे वळून म्हणाले, "तुझं गाऱ्हाणं ऐकलं कुणीतरी."

ती हसली नाही. डॉक्टरही हसले नाहीत. जिना उतरताना साखरे मधल्याच पायरीवर कठडा धरून उभे राहिले. म्हणाले, "चौघांचा एक फोटो काढू या. माझं तोंड धड आहे तोवर."

चौघांचा म्हणजे मुलालाही बोलवायचं होतं.

मुलगी गावातच होती, लहान मुलांच्या शाळेत शिकवायची. ती रोजच येऊन जायची. मुलगा मात्र दूरच्या शहरात फ्रिज दुरुस्त करायचा आणि फक्त आईला फोन करायचा. शाळा संपल्यावर तो वडिलांच्याच दुकानात कामाला लागला होता. बुजरा होता, गिऱ्हाइकासमोर त-त-प-प करायचा. एकदा दुकान भरलेलं असताना त्याच्या हातून कापडाचा तागा घरंगळला, तेव्हा साखरे मोठ्याने म्हणाले होते, "माफ करा हं मंडळी, घरचाच माल आहे, पण मापात चुकलाय. परतही घेत नाहीत." दुकान खो खो हसलं. मुलगाही हसला होता. महिनाअखेरीस तो घर सोडून गेला. साखऱ्यांना बरेच दिवस कळलंच नाही की आपलं काय चुकलं, आणि कळलं तेव्हा ते त्यावर काही बोलले नाहीत.

आईने फोन केला. तो आला.

दुकान बंद असायच्या दिवशी मालकांनी किल्ली दिली होती. "हवं ते घ्या," एवढंच म्हणून ते निघून गेले होते. साखऱ्यांनी अर्धं शटर वर केलं, दिवे लावले, गिऱ्हाइकांच्या बाकावर तिघांना बसवलं आणि स्वतः काउंटरमागे गेले.

"बाबा, तुम्ही कमी बोला," मुलगी म्हणाली. "दुखतं ना?"

"दुखतंय म्हणूनच बोलतोय. शिल्लक माल आहे, खपवायला नको?"

त्यांचे शब्द आधीच जड झाले होते. 'र' आणि 'ल' तोंडातच अडखळत होते. तरी हात पूर्वीसारखेच चालत होते. एका झटक्यात कापड काउंटरभर पसरायचं, कड बोटाने उचलून दिव्याखाली धरायची. मुलीसाठी त्यांनी गडद जांभळा ड्रेस काढला. तो तिला आवडला, पण तिला नीट हो म्हणता येईना. ती कपड्यात तोंड खुपसून उभी राहिली. "घडी मोडेल," ते हलकेच म्हणाले.

बायकोने मात्र राखाडी ड्रेस उचलला. "हा बरा. मळखाऊ आहे."

"अगं, फोटोला कुठे मळ लागतो?"

"फोटो काढून झाल्यावर कामावर घालता येईल."

"त्यानंतर..." ते थांबले. रुमाल तोंडाला लावला, बाजूला घेतला, त्याच्यावरचा लाल डाग पाहून घडी उलटी केली. बायकोने तेवढ्यात राखाडी ड्रेस मागे सारला आणि त्यांनी दाखवलेला मोरपिशी उचलला. आयुष्यात पहिल्यांदा ती त्यांच्या दुकानात घासाघीस न करता हो म्हणाली, आणि तेच त्यांना लागलं.

मग मुलाची पाळी आली. तो बाकाच्या टोकाला मोबाइल हातात धरून बसला होता.

"मी आहे याच शर्टात येतो," तो म्हणाला.

"साहेब, असं कसं," साखऱ्यांनी गिऱ्हाइकाशी बोलायचा सूर लावला. "एवढ्या लांबून आलात. काय दाखवू?"

मुलगा उठून काउंटरपाशी आला. आवाज न चढवता म्हणाला, "मापात चुकलेल्या मालाला काय शोभेल ते दाखवा."

मुलीने "अरे, आज तरी..." म्हटलं. आईने तिचा हात दाबला.

साखऱ्यांचे ओठ हलले. बायकोला वाटलं, आता बोलतील. कितीही अवघड प्रसंगातून बोलून सुटलेला माणूस. एक शब्द तर हवा होता. पण तो काही त्यांच्या जिभेवर आला नाही. दुखत होतं म्हणून नव्हे, तेवढं बायकोला कळत होतं. तो शब्द त्यांनी कधी वापरलाच नव्हता. "माफ करा हं मंडळी" ते दिवसातून दहादा म्हणत, पण त्याला काय अर्थ!

त्यांनी गळ्यातली टेप काढली, काउंटरला वळसा घालून मुलाच्या मागे गेले आणि त्याचे खांदे मोजले. मग बाही, मग छाती. मुलगा भिंतीकडे बघत ताठ उभा होता. साखऱ्यांनी फडताळातून एक पांढरा शर्ट काढला, त्याच्या हातात दिला आणि दिवे मालवायला गेले. स्वतःसाठी काही घ्यायचं राहिलंच. मुलीने आठवण करून दिली तेव्हा त्यांनी दाराजवळचा समोर आला तो कोट ओढून घेतला.

स्टुडिओत फोटो काढणाऱ्याने चौघांना बसवलं, उठवलं, पुन्हा बसवलं. "काही कार्यक्रम आहे का घरात?" त्याने सहज विचारलं. "हो," मुलगी म्हणाली. साखरे ओठ मिटून बसले होते. त्यांच्या खांद्यावर मुलाने हात ठेवावा असं फोटोवाल्याने सुचवलं. मुलाने ठेवला. फोटो झाल्यावर काढला.

दोन दिवसांनी शस्त्रक्रिया झाली.

ते जगले, घरी आले. गळ्यावर कानापर्यंत टाके होते, गाल एका बाजूला आत गेला होता, खाणं नळीतून. इस्पितळाने पाटी आणि पेन्सिल दिली होती. ती त्यांनी पहिल्याच दिवशी बाजूला सारली. लिहिणं त्यांच्या हाताला कधी नव्हतंच, दुकानात बिलंसुद्धा दुसरं कुणीतरी करायचं. ते बोलत राहिले. घशातून लांबट, ओलसर आवाज यायचा. बायकोला पाणी, खिडकी, पुरे, एवढं ओळखू यायला लागलं होतं.

मुलगा रजा काढून भेटायला आला त्या दिवशी त्याने येतानाच स्टुडिओतून फ्रेम आणली. चौघांनी मिळून तिच्यावरचा कागद सोडला. जांभळा, मोरपिशी, पांढरा, सगळे रंग एकमेकांना धरून होते. साखऱ्यांची नजर चुकली नव्हती. फक्त त्यांचा स्वतःचा कोट दोन मापं मोठा होता.

त्यांनी फोटो मांडीवर घेतला. बराच वेळ पाहिला. मग मान वर करून मुलाकडे बघत काहीतरी म्हणाले.

"काय म्हणालात, बाबा?"

त्यांनी पुन्हा म्हटलं. चार-पाच अक्षरं असतील.

"पाणी हवंय?" मुलगी म्हणाली. त्यांनी नाही म्हणून मान हलवली.

"शर्ट छान दिसतोय म्हणतायत," बायको म्हणाली. त्यांनी जोरात मान हलवली. हनुवटीवर लाळ आली ती मनगटाने पुसली, मुलाचं मनगट धरलं, आणि एकेक अक्षर सुटं करत तिसऱ्यांदा म्हटलं. कपाळावर घाम आला होता. मुलीने पाटी पुढे केली. त्यांनी ती बघितलीच नाही.

मुलगा त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसला होता. तो म्हणाला, "हो बाबा. कळलं."

साखरे त्याच्या डोळ्यांत बघत राहिले. आखूड बाहीला "हल्ली अशीच असते" म्हणून सांगण्यात त्यांचा जन्म गेला होता. समोरचा केवळ बरं वाटावं म्हणून बोलतोय हे ओळखायला त्यांना वेळ लागला नाही. त्यांनी मुलाचं मनगट सोडलं, त्याच्या गालावर दोनदा थोपटलं आणि फोटो बायकोकडे दिला.

संध्याकाळी मुलगा निघाला. आई त्याच्याबरोबर फाटकापर्यंत गेली.

"काय म्हणाले रे?" तिने विचारलं.

मुलाने बॅग खांद्यावर चढवली, पट्टा सारखा केला, पुन्हा उतरवून हातात घेतली.

"नाही कळलं, आई," तो म्हणाला.

"पुढच्या वेळी विचार."

"विचारलं मी, मगाशी. तू आत होतीस तेव्हा. त्यांनी हाताने नको म्हटलं."