चौकटीतली सही

"यंदा क्यालेंडर न्हाई का गं, उषे?"

काउंटरच्या जाळीपलीकडे रत्नाबाई ढमाले उभ्या होत्या. २००८ चा जानेवारी उलटत आला होता. दर दिवाळीला आमची पतसंस्था ठेवीदारांना चेअरमनसाहेबांच्या फोटोचं कॅलेंडर वाटायची. यंदा प्रेसवाल्याने मागचं बिल मिळाल्याशिवाय छापायला नकार दिला होता. मला ते माहीत होतं.

"येईल मावशी," मी म्हणाले.

बाकीच्यांना ते कॅलेंडर भिंतीवरची खिळ्याची जागा झाकायला लागायचं. रत्नाबाईंचं तसं नव्हतं. भूगावात घरामागे भाड्याने द्यायला पत्र्याच्या दोन खोल्या बांधण्यासाठी त्यांनी आमच्याकडून कर्ज काढलं होतं. भाड्यातून हप्ता जायचा. शिवाय बांधकामावरच्या माणसांना भाकऱ्या करून देत, त्यातले रोज तीस रुपये पिग्मीच्या बचत खात्यात टाकत. धाकट्या लेकीला, गौतमीला, जूनमध्ये नर्सिंगला घालायचं होतं, तिच्या फीसाठी. आमचा एजंट एकनाथ रोज चारला दारात यायचा आणि मशीनमधून पावती द्यायचा. त्या पावतीची शाई महिन्याभरात उडते. म्हणून रत्नाबाई त्याला कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकटीत सही करायला लावत. पहिल्या वर्षी तो हसला होता, मग त्यालाही सवय झाली.

"सध्या त्यो जुन्यावरच करतोय, गेल्या सालच्या सहीखाली," रत्नाबाई म्हणाल्या. "वार चुकत्यात, पर तारखा त्याच हायेत की."

आत मॅनेजरसाहेबांच्या केबिनचं दार पंधरा दिवसांपासून बंदच असायचं. मोठे ठेवीदार संध्याकाळी सहानंतर मागच्या दाराने येत आणि पिशवी छातीशी धरून जात. लहान ठेवीदारांना आम्ही "सोमवारी या" सांगत होतो. आदल्या गुरुवारी मी माझे बारा हजार काढून घेतले होते. स्लिप मीच भरली, पैसेही मीच मोजले.

"मावशी, एक सांगू?" मी जाळीशी वाकले. "तुमचे पिग्मीत एकतीस हजार झालेत. कर्ज अठ्ठावीस हजार राहिलंय. ठेव कर्जात वळती करून टाका. आजच अर्ज द्या, वरचे तीन हजारही मिळतील."

त्यांचा चेहरा कडक झाला. "का? माजा हप्ता कदी चुकलाय?"

"नाही हो."

"मग? कर्ज माजं हाय, ते मी फेडतेय. त्यो पैसा पोरीचा हाय. तिच्या पैशातनं मी माजं कर्ज फेडू व्हय?"

"तसं नाही मावशी, पण..."

"उषाताई!" केबिनमधून हाक आली.

'संस्था बुडतेय', एवढं एक वाक्य पुरलं असतं. पण ते बोलले असते तर दुपारपर्यंत दारात रांग लागली असती आणि माझी नोकरी गेली असती, असं मी स्वतःला बजावलं. ते खोटं नव्हतं. पण मी भित्री होते, हेही खरं. मी उठून आत गेले. परत आले तोवर रत्नाबाई शेजारच्या खिडकीवर हप्ता भरून निघून गेल्या होत्या.

मार्चमधल्या एका सोमवारी चार वाजता एकनाथ आला नाही. मुठीत तीस रुपये धरून रत्नाबाई दिवेलागणीपर्यंत उंबऱ्यात बसल्या होत्या, असं नंतर कळलं. दुसऱ्या दिवशी आमचं शटर खाली होतं आणि बाहेर दोनशे माणसं उभी होती. कुणी शिव्या देत होतं, कुणी नुसतंच कुलपाकडे बघत होतं.

मे महिन्यात सरकारने प्रशासक नेमले. माणूस वाईट नव्हता. मला त्यांनी कामावर ठेवलं, कारण कुठली फाइल कुठे आहे ते मलाच माहीत होतं. रत्नाबाई आल्या तेव्हा काखेत कॅलेंडरांची गुंडाळी होती. तीन वर्षांची.

"सायेब, ह्यातनं माजं कर्ज कापून घ्या," त्या म्हणाल्या.

"आता नाही बाई करता येत. ठेवी गोठवल्यात. कर्जवसुली मात्र चालू राहणार. संस्था बंद पडायच्या आधी अर्ज दिला असता तर झालं असतं. कुणी सांगितलं नाही का तुम्हाला?"

मी खाली मान घालून फाइल चाळत राहिले.

"ही सांगत हुती," रत्नाबाई म्हणाल्या. "म्याच न्हाई म्हनले."

त्या जून महिन्यात गौतमी बावधनच्या एका सोसायटीत घरकामाला लागली.

रत्नाबाईंनी पुढची सव्वादोन वर्षं एकही हप्ता चुकवला नाही. दहा तारखेला यायच्या, पैसे ठेवायच्या, पावती घेऊन जायच्या. २०१० च्या ऑगस्टमध्ये शेवटचा हप्ता भरला. प्रशासकांनी कर्ज फिटल्याचा, बेबाकीचा दाखला दिला. रत्नाबाईंनी तो घडी घालून पिशवीत ठेवला आणि पिशवीतून एक कॅलेंडर काढून माझ्यापुढे पसरलं. किराणा दुकानाचं होतं, नवं.

"आजपासनं डब्यात टाकतेय तीस-तीस. पोरीला अजून शिकायचं हाय. पर घरातला पैसा मोडतो. भायेरच्याची सही असली म्हंजी मी हात लावत न्हाई. तू कर. येत जाईन मी रोज चारला."

मी हातातलं पेन बाजूला ठेवलं.

"मावशी, मी नको," मी म्हणाले. "तेव्हा मी माझे पैसे आधीच काढले होते. तुम्हाला सांगायच्याही आधी. मला सगळं माहीत होतं."

त्यांचं बोट आजच्या तारखेवर होतं, ते हललं नाही.

"ठावं हाय," त्या म्हणाल्या. "एकनाथनं सांगितलं कवाच."

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून गेले होते.

"कर सही."

मी पेन उचललं. चौकट लहान होती. पूर्ण नाव मावेना, म्हणून नुसता 'उ' काढला. रत्नाबाईंनी त्यावर फुंकर मारली, शाई वाळू दिली आणि कॅलेंडर गुंडाळून काखेत घेतलं.