हेडसरांची दुसरी कंबर

ताईंचं चष्म्याचं दुकान चौकात होतं आणि वेड घरात. दुकानात सगळं कसं शिस्तीत, फ्रेमा ओळीनं, काचा कागदात. घरात मात्र पलंगाखाली, माळ्यावर, कपड्यांच्या कपाटात, जिथे हात घालाल तिथे टीव्हीला जोडायचे जुने व्हिडिओ गेम. शिवाय सात कॉम्प्युटर, तेही अशा काळातले की कीबोर्ड हाच अख्खा कॉम्प्युटर असायचा आणि पडदा म्हणून घरातला टीव्ही पुरायचा. नवी वस्तू ताईंनी कधी एकही घेतली नव्हती. कोण घर बदलतंय, कुणाची अडगळ निघतेय याचा सुगावा त्यांना त्या घरच्या लोकांच्या आधी लागायचा.

यजमान बस चालवायचे. माणूस शांत. एकदा झोपायला म्हणून त्यांनी जी उशी डोक्याखाली ओढली तिच्यातून जॉयस्टिक निघाली, तेव्हा तेवढे म्हणाले होते, "अगं, या घरात माझ्यासाठी एखादं कपाट शिल्लक आहे का? मी उभ्यानं मावेन त्यात."

"तुम्ही चालू स्थितीत आहात," ताई म्हणाल्या. "चालू वस्तू बाहेरच ठेवायच्या असतात."

एका मंगळवारी बाजारातले टेलरमास्तर चष्मा करायला आले. सत्तरीला टेकलेले, गळ्यात टेप, खिशात खडू.

"सुईत दोरा जाईना," ते म्हणाले. "आधी वाटलं, हल्ली सुयांची भोकंच लहान करतात."

ताई काच बदलून बदलून समोरची अक्षरं वाचून घेऊ लागल्या. मास्तर अक्षरं कमी वाचत होते, बोलत जास्त होते. लेकीनं म्हणे मोठा मोबाइल आणून दिला होता आणि वर हुकूम सोडला होता की बाबा, ते मापांचं डबडं आता दुकानातून हलवा.

ताईंचा हात हवेतच थांबला. "कसलं डबडं?"

"बटणांचा पाट आहे एक. टीव्हीला लावायचा. गाण्याच्या कॅसेटी असतात ना, तसली कॅसेट घातली की आधी बोंबलतो, मग मापं दाखवतो. पस्तीस वर्षं झाली."

"आता कसं दिसतंय?" ताईंनी विचारलं, कारण काहीतरी विचारणं भाग होतं.

"काच तुमच्या हातात आहे, ताई," मास्तर म्हणाले.

दुकान बंद करून ताई तडक मास्तरांकडे गेल्या. इस्त्रीच्या टेबलाशेजारी तो बटणांचा पाट बसला होता. मूळचा रंग पांढरट असावा, आता थेट दुधाच्या चहासारखा झाला होता. फटींत रंगीबेरंगी दोरे, कळांवर खडूची पूड, 'के'ची कळ तर झिजून गोटीसारखी गुळगुळीत. पण चालू होता! ताईंनी चेहरा दगडासारखा ठेवला. जुनी वस्तू घेताना डोळे चमकले की खेळ खलास, हे त्या अनुभवानं शिकल्या होत्या.

"पण मास्तर, मापं?" त्यांनी विचारलं. प्रामाणिकपणा आडवा आला.

मास्तरांनी कपाळावर बोट ठेवलं. "इथं आहेत. या यंत्राला ती शिकवली कुणी? मीच ना?"

सौदा चष्म्यावर ठरला. मास्तरांना नवा चष्मा, ताईंना कॉम्प्युटर, टेपरेकॉर्डर आणि खोकंभर कॅसेटी.

घरी आल्यावर ताईंनी एकेक कळ उपसून साफ केली. आतून तेवीस टाचण्या, शर्टाची दोन बटणं आणि अर्धा खडू निघाला. मग टीव्हीला जोडून कॅसेट लावली. तिनं असा काही टाहो फोडला की वरच्या मजल्यावरून फोन आला, सगळं ठीक आहे ना? दहा मिनिटांनी ओरड थांबली आणि पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली. मास्तरांनी मासिकं वाचून स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम होता तो. गिऱ्हाइकाचं नाव टाकलं की कॉलर, छाती, बाही, सगळं हजर. शेवटी के-वन आणि के-टू असे दोन रकाने. 'के' म्हणजे कंबर असणार हे ताईंनी ताडलं, पण दोन्हींतले आकडे वेगळे होते. एक पँटची असेल, एक पायजम्याची, असं म्हणून त्यांनी विषय सोडला.

चौथ्या दिवशी सकाळीच बेल वाजली. दारात मास्तर. त्यांनी जिन्यात वर-खाली पाहिलं आणि आवाज उतरवून म्हणाले, "ताई, एक कंबर हवी होती."

"कुणाची?"

"हेडसरांची." मुख्याध्यापकांना अख्खा परिसर हेडसर म्हणायचा. "बक्षीस समारंभासाठी पँट शिवायचीय."

"डोक्यात होती ना?"

"होती. यंत्र शेजारी होतं तोवर होती."

"मग नव्यानं माप घ्या की."

मास्तर असे दचकले जणू ताईंनी हेडसरांच्या थोबाडीत मारायला सांगितलं होतं. "बावीस वर्षांत मी त्यांना टेप लावलेला नाही! तुम्ही के-टू सांगा. के-वन मला पाठ आहे."

ताईंनी यंत्र लावलं, दोघांनी चहा घेतला, कॅसेट ओरडून दमली. के-टू एकोणचाळीस. मास्तरांनी आकडा तळहातावर खडूनं लिहिला आणि मूठ मिटून निघून गेले.

मग ते नेहमीचंच झालं. मास्तरांचा फोन दुकानात यायचा. ताई कुणाच्या तरी डोळ्यांत बॅटरी मारत असायच्या आणि इकडे फोनमधून, "ताई, पोस्टातल्या साहेबांची कंबर, जरा अर्जंट!" गिऱ्हाईक त्या बॅटरीतही डोळे मोठे करून बघायचं. शेवटी यजमानांनी पुढाकार घेतला. त्यांची पाळी दुपारी संपायची. जेवण झालं की ते टीव्हीसमोर ठाण मांडायचे. आठवडाभरात त्यांना सगळ्या कॅसेटी तोंडपाठ झाल्या, कुठली कुठे अडते, कुठलीला वरून टपली लागते, सगळं. फोन वाजला की उचलून म्हणायचे, "बोला, कंबर विभाग." ज्या माणसानं सात वर्षं हा पसारा नुसता सोसला तो आता टेपरेकॉर्डरचं हेड स्पिरिटनं पुसायला लागला, हे बघून ताईंना भरून आलं.

घोटाळा झाला तो बुधवारी. हेडसर पँटचं विचारायला मास्तरांकडे गेले. पँट अजून कापडातच होती, कारण तळहातावरचा आकडा हात धुताना धुतला गेला होता, पुन्हा विचारायचं राहून गेलं होतं, आणि आज ताईंच्या घरचा फोन सारखा व्यस्त लागत होता. मापं हल्ली ताईंच्या घरी असतात, एवढं हेडसरांच्या कानावर होतं. "मग मीच घेऊन येतो चिठ्ठी, त्यात काय!" म्हणून ते वळले. मास्तरांच्या तोंडात त्या वेळी आठ टाचण्या होत्या. त्या एकेक करून काढेपर्यंत हेडसर कोपऱ्यावरून दिसेनासे झाले.

यजमानांनी त्यांना खुर्ची दिली, पंखा लावला, कॅसेट लावली. आकडे आले तसे त्यांनी, बसचे थांबे सांगावेत तशा खणखणीत आवाजात, वाचले. "छाती अडतीस. के-वन चौतीस. के-टू एकोणचाळीस."

"के-टू म्हणजे?"

यजमानांना खोटं बोलायची सवय नव्हती. "मास्तर नेहमी तीच विचारतात. म्हणजे खरी असावी."

हेडसर उठून टीव्हीजवळ गेले. लग्नाच्या दिवशी होती तीच कंबर आजही आहे, हे ते दरवर्षी शाळेत व्यायामाच्या भाषणात सांगायचे, आणि पुरावा म्हणून पँटच्या आत शिवलेली चौतीसची पट्टी होतीच. पडद्यावर के-टूपुढे सालवार आकडे होते. चौतीस, पस्तीस, साडेपस्तीस...

"हे सदतीस लिहिलेलं साल बघा!" ते कळवळून म्हणाले. "त्या वर्षी मी रोज सकाळी चालायला जायचो!"

ताई दुकानातून आल्या तेव्हा हेडसर गेले होते आणि यजमान गुन्हेगारासारखे बसले होते. "मी फक्त वाचलं," ते म्हणाले.

यजमानांचा खणखणीत आवाज जिन्यातून पार खाली पोचला होता. दुसऱ्या दिवसापासून ताईंच्या जिन्यात रांग लागली. जो तो म्हणे, मला काही फरक पडत नाही, सहज बघायचंय. बघून झालं की फरक पडायचा. पोस्टातले साहेब पट्टा एक भोक ढिला करून उतरले. एक बाई के-टू बघून हसल्या, मग नवऱ्याची बघायला मागितली, आणि ती बघून जास्त हसल्या. पण बहुतेकांचा राग निघाला तो मास्तरांवर. इतकी वर्षं आम्हाला फसवलं! चार दिवसांत मास्तरांचं दुकान ओस पडलं. हेडसरांनी तर समोरच्या नव्या दुकानात जाऊन पँट टाकली. तिथल्या पोरगेल्या टेलरनं टेप काढला तसे ते गरजले, "माझं माप मला माहीत आहे! चौतीस!"

ताईंना अन्न गोड लागेना. हे सगळं आपल्या हावेपायी झालं, असं त्यांच्या मनानं घेतलं. पुढच्या शनिवारी त्यांनी टेपरेकॉर्डर-कॅसेटींसकट कॉम्प्युटर चादरीत गुंडाळला आणि बसच्या मोकळ्या सीटवर ठेवून, यजमानांच्याच गाडीनं, मास्तरांकडे नेला.

मास्तर रिकाम्या शिलाई मशीनवर हात ठेवून बसले होते.

"मास्तर, मला एक सांगा. दोन-दोन कंबरा कशाला ठेवायच्या?"

"टेप लावला की माणूस पोट आत ओढतो," मास्तर म्हणाले. "प्रत्येक जण. मंत्री असो नाहीतर माळी. त्या मापाची पँट शिवली तर ती फक्त श्वास रोखून घालता येते. म्हणून मी पहिलं माप घेतो ते के-वन, ते त्यांना सांगायचं. पुढं ते पायरी चढून येतात ना, तेव्हा नुसतं बघतो. त्या वेळी कुणी पोट ओढत नाही. ते के-टू." त्यांनी नवा चष्मा काढून पुसला. "मी कुणाला फसवलं, ताई? पँट बसत होती ना?"

ताईंनी चादर सोडली, कॉम्प्युटर जुन्या जागी ठेवला आणि वायरी लावायला घेतल्या. मास्तर नको नको म्हणत होते, पण हात मात्र पुढे करून प्लग देत होते.

तेवढ्यात दारात हेडसर उभे. बक्षीस समारंभ सकाळीच झाला होता. चालताना ते पावलं अगदी लहान टाकत होते आणि फाइल पाठीमागे धरली होती. खुर्ची पुढे केली तर मानेनंच नाही म्हणाले.

काय झालं होतं ते ताईंना तिथेच थोडंथोडं कळलं. नवी चौतीसची पँट हेडसरांनी श्वास कोंडून चढवली होती, पण तिच्यात बसणं अशक्य होतं. म्हणून ते व्यासपीठावर उभेच राहिले. मुख्याध्यापक उभे, तर आपण कसं बसायचं, म्हणून शिक्षक उभे राहिले. शिक्षक उभे राहिलेले बघून मुलं उठली, पालक उठले, आणि शेवटी काठी टेकत प्रमुख पाहुणेही उठले. दोन तास चाळीस मिनिटं अख्खा समारंभ उभ्यानं पार पडला. पाहुण्यांनी भाषणात शाळेच्या शिस्तीचं तोंड भरून कौतुक केलं आणि मग खाली गेल्यावर गुडघा धरून बसले.

"मास्तर," हेडसर भिंतीकडे बघत म्हणाले, "एक पँट टाकायची होती."

मास्तरांनी वही उघडली. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. "माप?"

"आहे ना तुमच्याकडे."

"आहे तर. चौतीस."

हेडसरांनी कॉम्प्युटरकडे पाहिलं, ताईंकडे पाहिलं. ताईंनी घाईघाईनं एक वायर उपसली आणि परत लावली.

"चौतीस," हेडसर म्हणाले, आणि त्यांनी कितीतरी वेळानं पूर्ण श्वास सोडला. कुठेतरी एक टाका उसवल्याचा आवाज आला. कुणीच तो ऐकला नाही.

हेडसर आले तसे हळूहळू बाकीचेही आले. पोस्टातले साहेब दोन शर्ट टाकून गेले आणि मापाबद्दल अवाक्षर बोलले नाहीत. मास्तरांची लेक येऊन यंत्राकडे आणि बापाकडे आळीपाळीनं बघून गेली. यजमान आता दुपारी तिथेच स्टुलावर बसतात. आकडा मोठ्यानं वाचायचा नाही, कागदावर लिहून उलटा ठेवायचा, हे त्यांना मास्तरांनी नीट शिकवलंय.

महिन्याभरानं ताईंच्या दुकानात हेडसरांचा फोन आला.

"ताई, शाळेच्या कोठीत जुने कॉम्प्युटर पडलेत. आठ आहेत. तुम्ही म्हणे नेता असलं."

"बघते," ताई शक्य तितक्या कंटाळलेल्या आवाजात म्हणाल्या. "कसले आहेत?"

"कीबोर्डातच सगळं आहे. कॅसेटीही आहेत. पण एक अट आहे." हेडसर घुटमळले. "घरी नेऊन चालू करायचे नाहीत."

"का हो? त्यात काय आहे?"

पलीकडून दार लोटून घेतल्याचा आवाज आला.

"जुने निकाल," हेडसर म्हणाले. "दोन रकान्यांत."

ताईंनी अट लगेच मान्य केली. फोन ठेवून त्यांनी घरी लावला. यजमानांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "आठांपैकी किती चालतात म्हणाले?" आणि उत्तराची वाट न बघता ते सामान बांधायची दोरी शोधायला उठले.