साध्या माणसाचा पार्ट

धम्मानंद गायचा, नाटकात काम करायचा, चित्रंही काढायचा. आणि या तिन्ही गोष्टींनी मिळून त्याच्या बायकोच्या, मायाच्या डोक्याला ताप दिला होता. जयंतीच्या कार्यक्रमात गाणी यानं म्हणायची, झाडीपट्टीच्या नाटकात हसवणारा खलनायक यानं व्हायचं, वर नाटकाचे पडदेही यानंच रंगवायचे! घरच्या भिंतीला मात्र कधी ब्रश लागला नाही.

आज लेकीला, रोशनीला बघायला नरखेडकडून रुपराव आणि त्यांचा मुलगा येणार होते. मुलगा फोटोतच पोरीच्या मनात भरला होता. आधीची स्थळं ‘बाप नाटकवाला’ म्हणून परत गेलेली.

"आज गाणं नाही, नकला नाही," मायानं सकाळीच दम भरला. "रिटायर्ड कारकून आहात, तसेच बसा. त्या तमाशानं पोरीचं वाटोळं करू नका."

"साधा माणूस? जमते मले," तो म्हणाला.

आणि मेल्यानं जमवलं! पाहुण्यांपुढे गुडघ्यांवर हात ठेवून बसला. संत्र्याचा भाव विचारला. पोट साफ होत नाही म्हणाला. पुन्हा संत्र्याचा भाव विचारला.

शेवटी रुपराव चुळबुळत म्हणाले, "जी, आमच्या गावात तुमचं नाटक पाहिलं होतं. बायको गेल्यावर मी हसलो तो त्याच दिवशी. पोराले म्हटलं, त्या घरची पोरगी आली तर आपलं घर पुन्हा बोलन. पण ते तुम्हीच होते का?"

"हेच जी ते!" माया उडालीच. "म्हणा ना हो एखादं गाणं!"

धम्मानंद ढिम्म. "मले कुठं येते? ऑफिस आन् घर. इचारा हिले."

मायानं डोळे वटारले, चिमटा काढला. मग त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि चरकली. माणूस खरंच दुखावला होता. इतकी वर्षं ती जे सुनावत आली, ते त्यानं आज मनावर घेतलं होतं. दारात रोशनी रडकुंडीला आलेली.

काय करावं बाई या माणसाचं! माया उठली आणि स्वतःच गायला लागली. त्याचंच गाणं, फाटक्या आवाजात, भलत्याच चालीत. दुसऱ्या ओळीला धम्मानंद कळवळला.

"अवं थांब! काहून गाण्याचा जीव घेऊन राहिली?"

"मग तुम्ही म्हणा! मले आवडते तुमचं गाणं, किती वेळा सांगू?"

"हे तर तू आजच सांगून राहिली," धम्मानंद म्हणाला, आणि तिची चुकलेली ओळ त्यानं सुरात उचलली.