रिळांमागची पुली

कापडाच्या ताग्यांच्या वर, भिंतीतल्या फळीवर, दोऱ्याच्या रिळांमागे जे गोल आणि काळपट काहीतरी दिसते आहे ना, ती मी. मित्रांनो, मी एक जुनी पुली आहे. तुम्ही मला एखाद्या बरणीचे झाकण समजला असाल, तर त्यात तुमची चूक नाही. येणारेजाणारे तसेच समजतात. एकदा तर कोणीतरी माझ्यात टाचण्या ठेवल्या होत्या. मी मुकाट्याने सहन केले.

पण एके काळी मी धावत होते, आणि माझ्या जोरावर एक छोटी गाडी धावत होती.

माझा जन्म एका कारखान्यात लेथवर झाला. पोलादाचा गोळा फिरत होता, त्याच्या साली निघत होत्या आणि आतून मी बाहेर येत होते. बेल्ट नीट बसावा म्हणून माझ्या अंगावर बारीक खाचा पाडल्या गेल्या. मग मला एका छोट्या गाडीच्या सुपरचार्जरवर दाबून बसवले. आता सुपरचार्जर म्हणजे काय, ते सांगते. इंजिनाला पेट्रोलबरोबर हवाही लागते. मोठे इंजिन हवी तेवढी हवा ओढून घेते. आमच्या गाडीचे इंजिन लहान, म्हणून तिच्या पोटात हवा दाबून भरणारे हे यंत्र बसवलेले होते. इंजिन बेल्ट ओढायचे, बेल्ट मला फिरवायचा आणि मी त्या यंत्राला फिरवायचे. आम्ही फिरू लागलो की बारीक शीळ घुमायची. रस्त्यावरची माणसे मान वळवून बघायची. मला वाटायचे, ती माझ्याकडेच बघतात.

पहिल्या मालकाने मला कधी पाहिले नाही. चालत्या गाडीचे बॉनेट उघडून बघतो कोण? माझी मात्र त्याबद्दल तक्रार नव्हती. कामात असणाऱ्याला कौतुकाची आठवणही होत नाही.

पुढे गाडी विकली गेली आणि आम्ही या घरी आलो. ती घेतली घरातल्या दादांनी. ते जहाजावर नोकरीला होते. हौसेने गाडी घेतली, चारदा चालवली आणि गेले समुद्रावर. मागे घरात उरल्या दोघी. एक त्यांची बायको, म्हणजे वहिनी. त्या चष्म्याच्या दुकानात भिंगे घासून देत. दुसरी दादांची धाकटी बहीण. ती पडदे शिवून विकायची. वहिनी तिला जुन्या थाटात ‘वन्सं’ म्हणत, थोडे मानाने आणि बरेचसे टोचून. मीही तेच नाव घेतले.

दोघींचे फारसे पटत नसे. भांडण म्हणाल तर तेही नाही. बोलायला विषयच नसायचा. घरात भांड्यांचा आवाज जास्त आणि माणसांचा कमी. गॅरेजचा अर्धा भाग गाडीला आणि अर्धा वन्संच्या शिलाई मशीनला दिलेला होता, म्हणून हे सगळे माझ्या कानावर पडायचे.

पडदे गिऱ्हाइकांच्या घरी पोहोचवायला वहिनी गाडी काढत. घरापासून मोठ्या रस्त्यापर्यंत एक उभा चढ होता. मागे पडद्यांचे गठ्ठे, छपरावर लोखंडी दांड्या आणि आत दोघी. अर्ध्या चढावर आम्ही रडकुंडीला यायचो. मागून ट्रकवाले हॉर्न मारून जीव नकोसा करायचे.

“ही गाडी पण माझ्यासारखीच दमते,” एके दिवशी वन्सं म्हणाल्या.

“दमत नाही हो ती. तिला श्वास पुरत नाही,” वहिनी म्हणाल्या.

त्या घरात मी ऐकलेले हे पहिले खरे संभाषण.

दोघी गाडी घेऊन मेकॅनिककडे गेल्या. त्याने बॉनेट उघडले, हात पुसले आणि म्हणाला, “आधी एअर फिल्टर बदला. हवा मोकळी आत येऊ दे. मग ही पुली काढा आणि लहान बसवा. गाडी ओळखू येणार नाही तुम्हाला.”

“लहान?” वन्सं म्हणाल्या. “जोर वाढवायचा तर मोठी नको का?”

“उलटं आहे ताई. चाक लहान, तेवढे फेरे जास्त. फेरे जास्त, तेवढी हवा जास्त.”

वन्संनी क्षणभर विचार केला. मग म्हणाल्या, “म्हणजे माझ्या मशीनसारखं. खालचं चाक मोठं, वरचं लहान, म्हणून तर सुई पळते.”

“अगदी तसंच. आणि नवे प्लगही घालून घ्या, जास्त उष्णता सोसणारे. बेल्टही आखूड लागेल, तो पुलीबरोबर देतो. जुनी पुली मात्र टाकू नका. उद्या गाडी विकायची म्हटली तर घेणारा आधी तीच मागेल.”

मित्रांनो, माझ्या मनाचे काय झाले असेल? मी मोडले नव्हते, झिजले नव्हते. कामात कधी कुचराई केली नव्हती. मी मोठी आहे, एवढाच माझा गुन्हा.

एका रविवारी दोघींनी गॅरेजमध्ये जमिनीवर पडद्याचे जुने कापड अंथरले आणि मेकॅनिककडून आणलेला पुलर, म्हणजे पुली खेचून काढायचे हत्यार, माझ्या काठाला लावला. त्याला तीन नख्या असतात. वहिनी पाना फिरवत होत्या, वन्सं टॉर्च धरून सूचना देत होत्या.

“जरा हळू. काठ दुखावेल तिचा.”

“तिचा काठ बघू की माझी बोटं बघू?”

मी दात-ओठ खाऊन घट्ट धरून राहिले होते. शेवटी टक्कन आवाज झाला आणि मी सुटले. माझ्या काठावर एक ओरखडा पडला, तो अजून आहे. वन्संनी मला पुसले आणि रिळांमागे ठेवून दिले. “राहू दे इथं सध्या,” त्या म्हणाल्या. ते ‘सध्या’ अजून संपलेले नाही.

माझ्या जागी ती लहान पुली, धाकटी, बसली. चकचकीत, अंगाने किरकोळ. मला तिचे तोंडही बघवेना. पण खरी गंमत पुढेच झाली. दोघींनी सगळे बदलले आणि बेल्ट मात्र जुनाच चढवला. “चांगला आहे की हा. कशाला टाकायचा?” असे वन्संनीच म्हटले होते. तुकडाही फुकट न घालवणारा शिंप्याचा हात तो. गाडी चढावर गेली आणि थोड्याच वेळात डुकराचे पिल्लू ओरडावे तशी ओरडत परत आली. धाकटीवर बेल्ट नुसता घसरत होता. खोटे कशाला बोलू? मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

“तुम्ही पाना नीट आवळला नसेल,” वन्सं म्हणाल्या.

“आणि तुम्ही टॉर्च माझ्या डोळ्यांवर धरला होता, त्याचं काय?”

शब्दाने शब्द वाढला. आधीच्या सगळ्या अबोल्याचे उट्टे निघाले. कोण सकाळी पाणी भरत नाही, कोण दादांचा फोन आधी उचलते, सगळे निघाले. मग वन्सं अचानक थांबल्या आणि कपाळावर हात मारून मटकन स्टुलावर बसल्या.

“अहो, बेल्ट! लहान चाकावर जुना बेल्ट ढिला पडणारच. अख्ख्या गल्लीतल्या मशीनचे बेल्ट आखूड करून देते मी, आणि स्वतःच्या गाडीला तोच घातला!”

वहिनींनी कोपऱ्यात पडलेले नव्या बेल्टचे पाकीट उचलले, त्याच्याकडे पाहिले आणि हसायला लागल्या. मग वन्संही हसल्या. इतक्या हसल्या, इतक्या हसल्या की डोळे पुसायला पडद्याचे कापड कमी पडले. त्या दिवसापासून दोघींचे अहो-जाहो सुटले आणि अगं-तुगं सुरू झाले. नवा बेल्ट बसला. संध्याकाळी गाडी चढावर गेली आणि मी फळीवरून ऐकत राहिले. शीळ घुमली. माझ्या वेळेपेक्षा उंच, माझ्या वेळेपेक्षा धीट. कुठेही न अडखळता ती वर गेली आणि दूर विरली.

मला तेव्हा फार एकटे वाटले.

नंतरचे दिवस त्यांचे होते, माझे नव्हते. वहिनींनी वन्संना गाडी शिकवली. वन्संनी लायसन्सही काढले. पण एकदा ऐन चढावर त्यांच्या हातून गाडी बंद पडली, मागे वाहनांची रांग लागली आणि भर रस्त्यात दोघींना जागा बदलाव्या लागल्या. तेव्हापासून वन्संनी चढाचा धसकाच घेतला. “सपाटीवर चालवीन मी. चढ तुझा,” असे त्या वहिनींना सांगत.

मग दादांनी जहाज सोडले. त्यांना लांबच्या गावी नोकरी लागली आणि वहिनी तिकडे जायला निघाल्या. तिथल्या घराला गाडी उभी करायला जागा नव्हती. जाताना त्यांनी किल्ली मशीनवर ठेवली.

“वन्सं, हिला आठवड्यातून एकदा तरी चढ दाखव.”

“बघू,” वन्सं म्हणाल्या आणि सुईत दोरा ओवू लागल्या. दोरा काही केल्या ओवला जाईना.

मित्रांनो, माणसांच्या घरात एकटेपणा कसा असतो, ते मी तेव्हापासून पाहिले. वन्सं शिवायच्या, मशीन थांबवायच्या आणि उगाच दाराकडे बघायच्या. चहा दोन कप टाकायच्या, मग एक मागाहून स्वतःच प्यायच्या, गार झालेला. रविवारी गाडीत बसून इंजिन सुरू करायच्या. धाकटी जागच्या जागी फिरायची. हात स्टिअरिंगवर ठेवून वन्सं समोरच्या भिंतीकडे बघत बसायच्या आणि थोड्या वेळाने किल्ली फिरवून उतरायच्या. धाकटी गाडीत होती, मी फळीवर होते, पण कुठे जाणे दोघींच्याही नशिबी नव्हते. तेव्हापासून माझा तिच्यावरचा राग गेला.

वहिनींचा फोन यायचा. सुरुवातीला रोज, मग कामाच्या धबडग्यात जमेल तसा. एके दिवशी दादांनी फोन केला. वन्संचे हात कापडात गुंतलेले होते, म्हणून त्यांनी स्पीकर लावला.

“अगं, ती गाडी विकून टाक. उभी राहून गंजेल. तुला चढ चालवता येत नाही, मग ठेवून करायचंय काय? मी एकाला पाठवतो.”

“वहिनी काय म्हणते?”

“तिला काय विचारायचंय त्यात?”

वन्संनी फोन बंद केला. बराच वेळ नुसते मशीन चालत राहिले. शिलाई वाकडी गेली आणि ती सगळी उसवावी लागली.

घेणारा आला तो सभ्य गृहस्थ होता. गाडीभोवती हळूच फिरला, बॉनेट उघडले, मान डोलावली. “छान ठेवली आहे हो. पण ही पुली बदललेली दिसते. मला गाडी जशी कारखान्यातून निघाली तशीच लागते. मूळची पुली आहे ना? असेल तर आजच नेतो. हे सगळं काढून पूर्वीसारखं करून घेईन.”

“बघते,” वन्सं म्हणाल्या.

माझ्या छातीत धडधडू लागले. तुम्ही म्हणाल, पुलीला छाती कुठली? पण काहीतरी धडधडत होते खरे. याच क्षणाची वाट बघत मी धूळ खात पडले होते. पुन्हा बेल्ट, पुन्हा वारा, पुन्हा शीळ! वन्संनी रिळे बाजूला केली. त्यांचा हात आला. मी मनातल्या मनात ओरडत होते, मी इथे आहे, मला घ्या!

त्यांनी मला उचलले आणि कापडाच्या तुकड्याने पुसले. पुसता पुसता त्यांचे बोट काठावरच्या ओरखड्यावर थांबले. ‘तिचा काठ बघू की माझी बोटं बघू.’ त्यांना ते आठवले असणार, कारण मलाही आठवले. आणि मग माझ्या लक्षात आले की मी परत गेले तर धाकटी निघणार, तो बेल्ट निघणार, त्या रविवारचे सगळेच निघणार. गाडी निघून जाईल आणि हे अर्धे गॅरेज रिकामे होईल. मग रविवारी ही बाई बसेल कुठे?

तेव्हा पहिल्यांदाच मला वाटले, नको. मला परत जायचे नाही.

वन्संनी मला ॲप्रनच्या खिशात टाकले. तिथे खडू होता आणि मोजायची टेप होती. मग त्या बाहेर गेल्या.

“नाही हो,” त्या म्हणाल्या. “सापडत नाही.”

“नीट बघितलंत का?”

“सगळीकडे बघितलं. हरवली असेल.”

तो हळहळला. सापडली तर कळवा म्हणून नंबर सांगून निघून गेला. वन्सं थोडा वेळ दारात उभ्या राहिल्या. मग त्यांनी मशीनवरची किल्ली घेतली आणि ॲप्रन न काढताच गाडीत बसल्या. गाडी गॅरेजच्या बाहेर निघाली. गल्ली गेली, सपाटी गेली आणि समोर चढ उभा राहिला. वन्संनी गाडी हळू केली. मागून कोणीतरी हॉर्न मारला.

“थांब रे बाबा!” वन्सं ओरडल्या आणि त्यांनी ॲक्सिलरेटरवर पाय दाबला.

धाकटीने शीळ घातली. मी खिशात खडूला टेकून ऐकत होते. किती दिवसांनी मी गाडीत होते, आणि मला काहीच करायचे नव्हते. आम्ही चढलो. मधे कुठेही थांबलो नाही.

वर जाऊन वन्संनी गाडी कडेला घेतली आणि वहिनींना स्पीकरवर फोन लावला.

“वहिनी, चढले गं. एकटीनं.”

“चढलीस!” वहिनी ओरडल्या, “आणि गाडी? यांनी पाठवलेला माणूस आला होता ना?”

“परत गेला. त्याला जुनी पुली हवी होती. ती हरवली.”

“हरवली?” वहिनी हसल्या. “बरं झालं. रिळांमागं नाही ना शोधलीस?”

“छे गं,” वन्सं म्हणाल्या आणि खिशावर हात ठेवून रडू लागल्या.

मित्रांनो, त्याच दिवशी मी फळीवर परत आले. वहिनी तिकडे आहेत, वन्सं इकडे आहेत आणि मी इथे आहे, तशीच एकटी. पण आता रविवारी गाडी बाहेर जाते आणि मी तिचे जाणे ऐकते, येणे ऐकते. एकच मागणे आहे. तुमच्या घरातही फळीवर ‘सध्या’ ठेवलेले काहीतरी असेल, कोणीतरी असेल. अधूनमधून हातात घ्या, पुसा, खिशात टाकून चढापर्यंत घेऊन जा. आणि तो गृहस्थ पुन्हा कधी भेटला, तर कृपा करून त्याला सांगू नका की मी तुमच्याशी बोलले.