आधी जेल, मग गुन्हा

लोक आधी गुन्हा करतात, मग जेलमध्ये जातात. थोरल्या खाटकाने क्रम उलटा केला.

सोशल मीडियावर खातं बंद झालं की 'जेल झाली' म्हणायची बाजारात पद्धत होती. कुणी विचारायचं, किती दिवसांची, आणि मग सगळे खिदळायचे. थोरल्याचं खातं बंद झालं तेव्हा त्याला मात्र हसू आलं नाही. रोज सकाळी फोन ठोकळ्यासमोर उभा करून तो लाइव्ह बोकड तोडायचा. गिऱ्हाइकं घरबसल्या बघून आपला तुकडा सांगायची. निम्मा धंदा त्यावरच होता. हात कायम बरबटलेले, म्हणून फोन बायको वाचायची.

"अहो, तीस दिवस बंद," ती म्हणाली. "तक्रारच केली असणार कुणीतरी."

पलीकडच्या गल्लीत सख्ख्या धाकट्या भावाचं दुकान होतं. तोही लाइव्ह जायचा, आणि त्याचं खातं धडधाकट. त्यात मसालेवाला सहज म्हणाला, "आज धाकट्याकडे काय गर्दी आहे." झालं, आगीत तेल पडलं. हातातला सत्तूर तसाच घेऊन थोरला निघाला.

त्याने आधी धाकट्याचा तराजू भिंतीवर फेकला. गिऱ्हाइकं पळाली.

"दादा, काय झालं? आधी ते खाली ठेव."

"माझ्या पोटावर पाय देतोस?"

थोरल्याने अशी कानाखाली काढली, की धाकटा टांगलेल्या बोकडावर आदळला आणि आकड्याने त्याची भुवई फाटली. मग त्यालाही चेव आला. त्याने थोरल्याच्या तोंडावर गुद्दे हाणले, दोन दात पाडले. दोघे ओल्या फरशीवर लोळत होते, पण सत्तुरापुढे सोडवायला कोण येणार? उठताना धाकट्याने ठोकळ्यावर हात टेकला. ठोकळ्यावर येईल ते तोडायचं, हेच थोरल्याने बावीस वर्षं केलं होतं. त्याने सत्तूर घातला. एकच घाव, मनगटावर. तो आवाज ओळखीचा होता. त्या आवाजाने तो भानावर आला, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

संध्याकाळी बायको पोलीस चौकीत आली. गजाआडून त्याने एवढंच विचारलं, "तक्रार त्यानेच केली होती ना?"

"कुणीच नाही केली हो. मी खालचं वाचलंच नव्हतं." तिने फोन उघडला. "कंपनीच्या यंत्राने तुमचं परवाचं बोलणं पकडलं. धमकी दिली म्हणून बंद केलंय. 'धाकट्याने भाव पाडला तर त्याचा हात ठोकळ्यावर ठेवून तोडीन.'"

थोरल्याला आठवलं. गिऱ्हाईक घासाघीस करत होतं, आणि तो सत्तूर नाचवत हसत बोलला होता. खाटीक एकमेकांना असलं रोजच बोलतात, त्यात काय?

"भाऊजींनी त्याखाली लिहिलं होतं," बायको हुंदके देत म्हणाली. "गर्दीत तुम्हाला वाचून दाखवायचं राहिलं. 'दादा, कुठला तोडणार? डावा की उजवा?' आणि पुढे हसण्याची चिन्हं."

थोरला गजांना धरून खाली बसला.

"उजवा," तो म्हणाला, आणि लहान पोरासारखा रडायला लागला.